नगरच्या इतिहासाची वाटणी

प्रवरेच्या काठावरच्या नेवाशाने मराठीला एक ग्रंथ दिला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शके १२१२, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी इथे गीतेवरची टीका सांगितली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे परंपरा मानते तो पैसचा खांब आजही उभा आहे, आणि त्याच्यावरचा लेख करवीरेश्वराच्या देवळातील दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाविषयी आहे. पण नेवाशाच्या नावाशी आणखी दोन ग्रंथ जोडलेले आहेत, आणि त्यांची आठवण सहसा निघत नाही. शिवाजी महाराजांच्या काळात ‘शिवभारत’ हे संस्कृत महाकाव्य रचणारे कवींद्र परमानंद नेवासकर. त्या काव्याची संपादित आवृत्ती स. म. दिवेकर यांनी १९२७ मध्ये काढली. तिसरा ग्रंथ १९६०चा: सांकलिया, देव, अन्सारी आणि एरहार्ट या चौघांनी लिहिलेला नेवाशाच्या उत्खननाचा इंग्रजी अहवाल. तिन्ही ग्रंथ एकाच गावचे. पण पहिल्याचा वाचक दुसऱ्याकडे वळत नाही आणि तिसऱ्याचा वाचक पहिल्या दोघांना आपल्या विषयाबाहेरचे मानतो. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याविषयी शंभर वर्षांत जे विद्वत्तापूर्ण लेखन झाले, त्या सगळ्याची गत अशीच आहे. वडिलोपार्जित जमीन भावाभावांत वाटली जावी तशी या इतिहासाची भाषांनुसार वाटणी झाली: पांढरीची टेकाडे पुरातत्त्वज्ञांकडे, ओव्या मराठीच्या अभ्यासकांकडे, तवारिखा फारसी जाणणाऱ्यांकडे, घुमट आणि चित्रे कलेतिहासकारांकडे. प्रत्येकाने आपला तुकडा मेहनतीने कसला. मात्र मधले बांध रुंद होत गेले, आणि जे पीक बांधावरच उगवले होते ते कोणाच्याच हाती लागले नाही. या जिल्ह्याचा मध्ययुगीन इतिहास अनेक भाषांत एकत्र जगला गेला आणि एकेका भाषेत वेगळा लिहिला गेला. या दोहोंतील अंतर हीच आजच्या अभ्यासाची मुख्य उणीव आहे, असे मला वाटते.

वाटणीतला पहिला हिस्सा पुरातत्त्वाचा, आणि तो सर्वांत नीट राखलेला आहे. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि १९५५ मध्ये सांकलिया व देव यांचा नाशिक-जोर्वे अहवाल आला. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकरी संस्कृतीला या छोट्या गावाचे नाव मिळाले, आणि आज पुरातत्त्वाच्या पाठ्यपुस्तकांत ती त्याच नावाने येते. नेवाशाच्या १९५४ ते १९५६ च्या उत्खननाने अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे थर एका ठिकाणी दाखवले. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादचा सा. अ. साळी यांचा अहवाल १९८६ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. तिथे १९७४ मध्ये सापडलेल्या चार कांस्यमूर्तींवर, म्हणजे बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्यावर, दीर्घ वाद झाला. त्या उत्तर-हडप्पाकालीन आहेत असे उत्खनकांचे मत. धातूतील आर्सेनिकचे प्रमाण पाहता इतका जुना काळ देता येईल का, असा धर्मपाल अग्रवाल यांचा आक्षेप. मूर्ती शास्त्रशुद्ध उत्खननातून आल्या नसल्यामुळे वाद पूर्णपणे मिटणे अवघड आहे, पण तो कसा चालावा याचा हा उत्तम नमुना आहे: दावा, आक्षेप आणि दोन्हींच्या मागचा पुरावा छापील रूपात सर्वांसमोर. शिवाय सांकलिया आणि म. श्री. माटे यांनी १९७६ मध्ये ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ लिहून हे ज्ञान मराठीत आणले. हे भाग्य नंतरच्या काळातील पुस्तकांच्या वाट्याला त्या प्रमाणात आलेले नाही.

दुसरा हिस्सा तेराव्या शतकातील मराठीचा. गोदावरीकाठच्या सराळ्याच्या म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. वि. भि. कोलते यांची आवृत्ती १९७८ची. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ मध्ये ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ संपादित केले आणि पुढे अ‍ॅन फेल्डहाउस यांच्यासह जुन्या मराठीचा कोश सिद्ध केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. या पायावर ख्रिश्चन नोवेत्झके यांनी २०१६ मध्ये ‘द कोटिडियन रेव्होल्यूशन’ हा ग्रंथ उभा केला. शेल्डन पोलॉक यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले होते की देशी भाषांना साहित्याचा दर्जा प्रामुख्याने राजदरबारांनी दिला. नोवेत्झके यांचे उत्तर असे की मराठीचे तसे झाले नाही. यादवांच्या राज्यात मराठी वर आली ती बाया, शूद्र आणि सामान्य श्रोत्यांपर्यंत मोक्षाची वाट पोचवण्याच्या धडपडीतून. तिचे बळ रोजच्या जगण्यात होते. त्याच वेळी ते सांगतात की ज्ञानेश्वरीतील समता ही भक्तीच्या दारापर्यंतची आहे, गावगाड्यातील विषमता ती मोडत नाही. मांडणी दमदार आहे, आणि तिच्या दोन्ही आधारग्रंथांचे, ‘लीळाचरित्र’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ यांचे, नाते गोदावरी-प्रवरेच्या याच पट्ट्याशी आहे. मात्र पुस्तक यादवांच्या अस्ताशी थांबते. त्या रोजच्या मराठीचे पुढे सुलतानांच्या राज्यात काय झाले, हा प्रश्न बांधावरच उभा राहतो.

बांधापलीकडे निजामशाही सुरू होते. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनींपासून स्वतंत्र होऊन हे राज्य उभे केले, १४९४ मध्ये शहर वसवले, आणि १६३६ मध्ये ते राज्य पूर्णपणे संपले. त्याची मुख्य साधने दोन. सय्यद अली तबातबाचा ‘बुर्हाने मासिर’ हा दुसऱ्या बुर्हाणच्या आश्रयाने लिहिला गेला. वुल्सली हेग यांनी त्याचा निजामशाहीविषयीचा भाग १९२० पासून ‘इंडियन अँटिक्वेरी’त इंग्रजीत आणला. दुसरे साधन फरिश्ताचे; तारुण्याची वर्षे नगरमध्ये काढून तो १५८९ मध्ये विजापूरला गेला आणि तिथे त्याने इतिहास लिहिला. भ. ग. कुंटे यांनी या दोन्ही ग्रंथांना मराठी रूप दिले, ही मोठी सेवा आहे. राधे श्याम यांचा १९६६चा इंग्रजी ग्रंथ या साधनांवर राजकीय घडामोडींची साखळी बांधतो, आणि शेरवानी-जोशी यांनी संपादित केलेला मध्ययुगीन दख्खनचा दोन खंडी इतिहास तिला भाषा, कला, समाज यांची जोड देतो. पण साधनाची मर्यादा ग्रंथात उतरतेच. तबातबा आश्रयदात्याच्या घराण्याची थोरवी गातो, फरिश्ता प्रतिस्पर्धी दरबारात बसून लिहितो, आणि दोघांच्याही पानांवर कुणबी, कोष्टी, कुलकर्णी दिसतात ते मोहिमांच्या धुळीत. म्हणून निजामशाहीचा इतिहास लढाया, वारसायुद्धे आणि खून यांचा इतिहास होऊन बसला. रिचर्ड ईटन यांनी २००५ मध्ये आठ व्यक्तींच्या चरित्रांतून दख्खनचा सामाजिक इतिहास मांडला, आणि त्यांतील मलिक अंबरवरचे प्रकरण या चाकोरीबाहेर पडते. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस १६२६ पर्यंत राज्याचा कणा होतो, मराठा सरदारांना हाताशी धरून मोगलांना अडवतो. हे सांगताना ईटन गुलामगिरी या संस्थेचेच विश्लेषण करतात.

चित्रे आणि इमारती यांनी वेगळीच साक्ष दिली आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आफताबी या कवीचे ‘तारीफे हुसेनशाही’ हे सचित्र फारसी हस्तलिखित आहे. हुसेन निजामशहाच्या स्तुतीचे हे काव्य १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतरच्या काळातले. ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी मूळ संहिता, भाषांतर आणि प्रस्तावनेसह ते १९८७ मध्ये संपादित केले. त्याआधी १९८३ मध्ये मार्क झेब्रोव्स्की यांनी आपल्या दख्खनी चित्रकलेवरील ग्रंथात या चित्रांना आरंभीचे स्थान दिले होते. चित्रांत राणी खुंझा हुमायून राजाशेजारी बसलेली होती. बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुढे खरवडली किंवा रंगाने झाकली गेली. १५६९ मध्ये मुलाने तिला कैद करून सत्ता हाती घेतली, त्याच्याशी याचा संबंध असावा असे मानले जाते. एका चित्राचा विषय तर थेट दोहदाचा आहे: सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते, हा संस्कृत काव्यातला आणि देवळांवरच्या शालभंजिकांतला संकेत. फारसी काव्यात, मुसलमान राणीच्या रूपाने, नगरच्या चित्रशाळेत तो अवतरतो. कलेतिहासाची पुस्तके या चित्राचे वर्णन करून पुढे जातात. हा संकेत चित्रकाराला कोणी सांगितला असेल, हे विचारायचे तर शेजारच्या शेतात पाऊल टाकावे लागते.

त्या शेतात संस्कृतचे अभ्यासक फार पूर्वी पोचले होते. प. कृ. गोडे यांनी १९४०च्या दशकात साबाजी प्रतापराज या बुर्हाण निजामशहाच्या आश्रयाखालील ग्रंथकाराचा शोध लावून त्याच्या ‘परशुरामप्रताप’ या प्रचंड ग्रंथाकडे लक्ष वेधले. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात निजामशहाच्या पदरी असलेल्या दलपतिराजाच्या ‘नृसिंहप्रसाद’ची दखल घेतली. आणि २००९ मध्ये पोलॉक यांनी भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’ व ‘रसतरंगिणी’चे भाषांतर करताना या कवीचा निजामशाही दरबाराशी संबंध जोडला. नायिकाभेदाचा हा लाडका ग्रंथ, ज्यावर पुढे पहाडी चित्रकारांनी मालिका रंगवल्या, तो या दरबाराच्या सावलीत लिहिला गेला असेल तर ‘तारीफ’मधील दोहदाचे चित्र एकाकी राहत नाही. फारसी काव्य, संस्कृत रसचर्चा आणि धर्मशास्त्राचे निबंध एकाच सत्तेच्या छायेत वाढत होते. पुरावे तिन्ही शाखांकडे आहेत, छापलेलेही आहेत. पण एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी ते एकत्र मांडलेले क्वचितच दिसतात. पुष्कर सोहोनी यांचा २०१८चा निजामशाही वास्तुकलेवरील ग्रंथ या दिशेने सर्वांत पुढे गेला आहे. फराहबाग आणि हश्त बिहिश्त हे महाल, मशिदी, कबरी, किल्ले, पाणीपुरवठा या सर्वांना ते राजसत्तेच्या एका सुसंगत भाषेचे घटक मानतात. वेरूळला मालोजी भोसल्यांची आणि सिंदखेडराजाला लखुजी जाधवांची स्मारके घुमटाची आहेत, हे लक्षात घेतले की ती भाषा मराठा घराण्यांनीही आपली मानली होती हे पटते.

श्रीगोंद्याचे शेख महंमद हा या वाटणीतला सर्वांत बोलका अपवाद. ‘योगसंग्राम’ लिहिणारा हा मुसलमान संतकवी परंपरेने मालोजींचा गुरू मानला गेला आहे. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांची कविता संपादित केली, आणि रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र ग्रंथ लिहून सूफी आणि नाथ-वारकरी परंपरा कुठे एकमेकींत मिसळतात ते दाखवले. ढेरे यांची पद्धत आजही अनुकरणीय आहे: दैवत, दर्गा, पोथी, ताम्रपट, जे हाती येईल ते एकाच प्रश्नासमोर ठेवायचे. राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या महिपतींनी अठराव्या शतकात ‘भक्तविजय’ (१७६२) आणि इतर ग्रंथांतून संतांची जी चरित्रे रचली, ती नगरच्याच अमेरिकन मराठी मिशनशी संबंध असलेल्या जस्टिन अ‍ॅबट यांनी नरहर गोडबोले यांच्यासह इंग्रजीत नेली. याच मिशनने १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केले होते. म्हणजे आधुनिक काळातही इथली ग्रंथविद्या दोन धर्मांच्या आणि दोन भाषांच्या मधल्या जागेतच वाढली.

आता आक्षेप. पहिला विशेषज्ञतेचा: फारसी, संस्कृत, जुनी मराठी, मोडी आणि उत्खननशास्त्र एका माणसाला येणे शक्य नाही, तेव्हा ज्याने त्याने आपले काम चोख करावे. यातले पहिले विधान खरे आहे, निष्कर्ष नाही. एका माणसाला न येणारी गोष्ट दोघांना येते. ‘तारीफ’ हाती आली तेव्हा फारसी जाणणारे कुलकर्णी आणि पुरातत्त्व व स्थापत्याचे जाणकार माटे एकत्र बसले. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा कोश, ईटन आणि फिलिप वॅगनर यांचा दख्खनच्या वादग्रस्त स्थळांवरचा २०१४चा ग्रंथ, ही सगळी जोडीची कामे आहेत. जिथे दोन भाषा एका टेबलाशी बसल्या तिथेच नवे काही दिसले. एकट्याने खोल खणणे आणि सोबतीने रुंद पाहणे यांत विरोध नाही. या दुसऱ्या कामासाठी संस्थांनी जागा करायला हवी.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे, म्हणून अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. निजामशाही ही परक्यांची सत्ता, ज्ञानेश्वर-एकनाथांची परंपरा आपली. दोन्ही एका पुस्तकात कशाला कोंबायची? पण साधने हा भेद इतका सरळ राहू देत नाहीत. फरिश्ता या राजघराण्याचे मूळ ब्राह्मण असल्याचे सांगतो आणि पाथरीच्या कुलकर्णी घराण्याशी त्याचे नाते जोडतो. परमानंदांचे ‘शिवभारत’ शहाजीराजांचा पराक्रम सांगताना १६२४ च्या भातवडीच्या लढाईवर येते, ती निजामशाहीच्या बाजूने लढली गेलेली लढाई. आणि मलिक अंबरच्या शौर्याचे वर्णन कवी हात आखडता न घेता करतो. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, निजामशाहीतल्या पैठणला. त्याच सुमारास नगरला फराहबाग पूर्ण होत होती आणि फरिश्ता तिथेच वावरत होता. मराठीच्या इतिहासातली ती महत्त्वाची संपादकीय घटना आणि दख्खनच्या इतिहासातला तो मोठा फारसी लेखक, एकाच राज्यातले आणि एकाच दशकातले. आपल्या पुस्तकांच्या पानांवर मात्र त्यांची भेट होत नाही. परकेपणाचा निवाडा पुरावा पाहण्याआधी केला की असे होते.

याच्या उलट टोकाची चूकही टाळली पाहिजे. दरबारात संस्कृत पंडित होते, म्हणून सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, असा सोयीस्कर निष्कर्ष काढणे तितकेच बेजबाबदार ठरेल. त्याच राज्यात १५८९ मध्ये परदेशी मुसलमानांची कत्तल झाली, राणीची आकृती पुसली गेली, माणसे गुलाम म्हणून विकली गेली, आणि गावातली जातींची उतरंड सुलतानाने हलवली नाही की संतांनीही मोडली नाही. एकत्र वाचायचे ते भांडण मिटवण्यासाठी नव्हे. कोण कोणाशी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या अटींवर बोलत होते, हे कळावे म्हणून.

तिसरा आक्षेप पद्धतीचा आणि सर्वांत मजबूत: जिल्हा हा अभ्यासाचा घटकच कसा? तो इंग्रजांनी १८१८ नंतर आखला, १८६९ मध्ये नाशिक त्यातून वेगळे काढले. ज्ञानेश्वर किंवा मलिक अंबर यांना ही सीमा ठाऊक नव्हती. हे मान्यच करायला हवे. पैठण, दौलताबाद, वेरूळ सोडून निजामशाहीचा विचार होऊ शकत नाही. पण जिल्हा हा निष्कर्ष म्हणून चुकीचा असला तरी कसोटी म्हणून उपयोगी आहे. छोट्या भूभागावर सगळ्या विद्याशाखांचे दावे एकमेकांसमोर आणून ताडता येतात; दख्खन किंवा महाराष्ट्र एवढा पैस घेतला की विसंगती सहज लपतात.

उरतो प्रश्न भाषेचा. गेल्या चाळीस वर्षांतले महत्त्वाचे ग्रंथ बहुतांश इंग्रजीत आले, आणि जागतिक विद्वत्तेची ती गरज आहे, असे म्हणता येईल. गरज आहेच, पण ज्ञान ज्या मातीतून निघाले तिथे ते परतले नाही की काय होते, हे नगरजवळच्या शाह डोंगरावर दिसते. मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची तिथली अष्टकोनी कबर आजही सर्रास ‘चांदबिबीचा महाल’ म्हणूनच ओळखली जाते. १६०० मध्ये मोगलांच्या वेढ्यात स्वकीयांच्याच हातून मारल्या गेलेल्या चांदबिबीविषयीचा लोकांचा आदर खरा आहे, आणि तोच आदर चुकीच्या इमारतीवर टेकलेला आहे. दोष लोकांचा नाही. पुस्तके त्यांच्यापर्यंत गेली नाहीत. हानी दोन्ही बाजूंनी होते. मराठीत चर्चा झाली असती तर गावातल्या माणसाने स्थळनामे, पाण्याच्या जुन्या खापरी नळांचे मार्ग, देवस्थानांच्या कागदपत्रांचे पत्ते सांगून या ग्रंथांत भर घातली असती. सरदार मिरीकर यांनी नगर शहराचा इतिहास मराठीत लिहिला, शहरात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय उभे राहिले, ते याच जाणिवेतून. १९४२ ते १९४५ या काळात नगरच्या किल्ल्यात कैद असलेल्या नेत्यांनी तिथे केलेले लेखनही या संदर्भात आठवते. नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इंग्रजीत, मौलाना आझादांची ‘गुबारे खातिर’मधील पत्रे उर्दूत, नरेंद्र देवांचे बौद्ध दर्शनावरील काम हिंदीत. एका तटाच्या आत भारताचा विचार तीन भाषांत झाला, आणि आझादांनी तर किल्ल्याच्या इतिहासाचीही दखल घेतली. ती पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याचे कामही अजून बाकीच आहे.

काय करावे, याचा नमुना बाहेर शोधायला नको; तो नेवाशातच आहे. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहवालाला नाव दिले ते ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ अशा उलट क्रमाचे, कारण खणणाऱ्याच्या हाती वरचा थर आधी लागतो. लाडमोडच्या टेकाडात मध्ययुगाखाली सातवाहनकाळ होता, त्याखाली ताम्रपाषाणयुग; आणि ते सगळे समजण्यासाठी भांड्यांचे, दगडी हत्यारांचे, हाडांचे जाणकार एकाच खड्ड्याच्या कडेला उभे राहिले. त्यांनी थर वेगळे केले, पण वाटून घेतले नाहीत. पुस्तक एकच लिहिले. याच गावात सांगितलेल्या ओव्यांपासून फराहबागेच्या भिंतींपर्यंत आणि दोहदाच्या चित्रापासून भातवडीच्या श्लोकांपर्यंतचा पल्ला असाच एका कडेवर उभे राहून पाहायचा आहे. साधने छापलेली आहेत, जाणकार आहेत, वाचकही आहेत. आता ते एक पुस्तक लिहिले गेले पाहिजे, आणि ते मराठीत लिहिले गेले पाहिजे.